परदेशात सीनियर मिशनरी जोडपं म्हणून राहणं: नेहमी येणारे प्रश्न

आम्ही दोघं मूळचे नगरचे, नोकरीच्या निमित्ताने अमेरिकेत गेलो, तिथेच रिटायर झालो आणि सध्या घाना देशात केप कोस्ट शहरात सीनियर मिशनरी म्हणून राहतोय. नातेवाइकांकडून, जुन्या शेजाऱ्यांकडून, मंडळीतल्या ओळखीच्यांकडून व्हॉट्सअ‍ॅपवर तेच तेच प्रश्न येत असतात आणि प्रत्येकाला तुकड्यातुकड्यात उत्तर दिलं की काहीतरी राहूनच जातं, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतेय. वर सोपे प्रश्न आहेत, खाली अडचणीचे. एखादी गोष्ट दुसरीकडे आली असेल तर तिथला नंबर दिलाय.

१. काकू, सीनियर मिशनरी म्हणजे नक्की कोण?

आमच्या चर्चचं पूर्ण नाव चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. लोक मॉर्मन म्हणून ओळखतात. पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळी नावाची पट्टी लावून जोडीने फिरणारी तरुण मुलं बऱ्याच जणांनी पाहिलेली असतात, ते तरुण मिशनरी. मुलं दोन वर्षं, मुली दीड वर्ष सेवा करतात. सीनियर मिशनरी म्हणजे आमच्यासारखी जोडपी, ज्यांची मुलं मोठी होऊन आपापल्या संसाराला लागलीत, अंगात अजून ताकद आहे आणि जी स्वतःच्या खर्चाने काही काळ सेवा द्यायला तयार आहेत. नावाची पट्टी आम्हालाही असते, यांना एल्डर आणि मला सिस्टर म्हणतात. पण तरुणांचं कडक वेळापत्रक आम्हाला लागू नाही, म्हणजे सकाळी ठरलेल्या वेळी उठणं, किती वाजता काय करायचं हे सगळं. आम्ही आमच्या तब्येतीने चालतो.

२. म्हणजे तुम्ही दारोदार फिरून लोकांचं धर्मांतर करता का?

हा प्रश्न महाराष्ट्रातून सगळ्यात जास्त येतो आणि कधी कधी जरा रागानेही येतो, म्हणून सरळ उत्तर देते. दारोदार आम्ही फिरत नाही. कुणी आपण होऊन विचारलं तर आमचा विश्वास काय आहे ते मोकळेपणाने सांगतो, प्रार्थनेला बोलावतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही आणि लाजण्यासारखं तर मुळीच नाही. तरुण मिशनरींचं मुख्य काम शिकवणं हेच आहे. पण अन्न, औषध किंवा पैसा देऊन कुणाला बाप्तिस्म्याला आणणं हे मला मान्य नाही आणि इथे तसं चालतही नाही (पैशाबद्दल प्रश्न १८ बघा). आमच्या वाट्याला आलेलं काम बहुतेक संसारी स्वरूपाचं आहे, ते पुढच्या उत्तरात.

३. मग दिवसभर करता काय?

सीनियर जोडप्यांना कामं वेगवेगळी मिळतात. कुणी चर्चच्या मंदिरात (खास विधींची पवित्र वास्तू, रविवारच्या प्रार्थनागृहाहून वेगळी) सेवा करतं, कुणी मानवतावादी प्रकल्पांवर असतं (विहिरी, व्हीलचेअर वगैरे), कुणी डॉक्टर असेल तर मिशनरींच्या तब्येतीचं बघतं, कुणी जुन्या वंशावळींच्या नोंदी स्कॅन करायला मदत करतं, कुणी बीवाययू-पाथवे नावाच्या ऑनलाइन शिक्षणात तरुणांना आधार देतं, तर कुणाला छोट्या शाखांमध्ये, म्हणजे लहान मंडळ्यांमध्ये, जाऊन नुसतं स्थानिक पुढाऱ्यांच्या पाठीशी उभं राहायचं असतं.

आम्हाला मिळालंय मिशनचं, म्हणजे या भागातल्या मिशनरींचं काम बघणाऱ्या विभागाचं, ऑफिस आणि घरं. आमचे हे आयुष्यभर अकाउंट्समध्ये होते त्यामुळे हिशेब त्यांच्याकडे. सकाळी नऊच्या सुमाराला ऑफिसला पोचायचं, पावत्या जुळवायच्या, बिलं भरायची, परदेशी मिशनरींचे रेसिडन्स परमिट कधी संपतायत त्याची यादी ठेवायची, बाहेरून आलेली पार्सलं ज्याच्या त्याच्याकडे पोचवायची, कुणाचा फोन बिघडला, कुणाच्या फ्लॅटचा पंप जळला, कुणाच्या गाडीला सर्व्हिसिंग हवंय. यात सगळ्यात डोकं खातं ते घरभाडं. घानाच्या भाडे कायद्यात सहा महिन्यांहून जास्त आगाऊ भाडं मागू नये असं आहे, पण प्रत्यक्षात घरमालक एक-एक, दोन-दोन वर्षांचं भाडं एकदम मागतात, त्यामुळे एक फ्लॅट बदलायचा म्हटलं तरी मोठ्या रकमेचा हिशेब, करारपत्र, मालकाशी बोलणी, आणि मालक बरेचदा दुसऱ्याच शहरात राहणारा. मी फोनवर घासाघीस करते आणि हे आकडे तपासतात.

दुपारनंतर गाडी काढून फ्लॅट तपासायला जातो (प्रश्न ४). संध्याकाळी कुणाच्या घरी जेवण, कुणी आजारी असेल तर भेट, नाहीतर घरी येऊन पाय वर करून बसणं. मिशनरींची मोठी सभा असली की त्या दिवशीचा स्वयंपाक सीनियर बायकांकडे येतो, मग आदल्या रात्रीपासून पातेली.

हे वाचून काही जण म्हणतात की एवढंच करायचं तर तिथे कशाला गेलात. मी मनापासून सांगते, याचीच गरज जास्त आहे. अठरा-वीस वर्षांची पोरं घरापासून हजारो मैल लांब आलेली असतात, त्यांना प्रवचन देणारे भरपूर भेटतात, पण गॅसचा पाइप चिरलाय हे बघणारं कुणीतरी मोठं माणूस लागतंच.

४. ती फ्लॅट तपासणी म्हणजे काय असतं?

तरुण मिशनरी दोघं-चौघं मिळून भाड्याच्या घरात राहतात. ती घरं स्वच्छ आणि सुरक्षित आहेत का ते आम्ही ठराविक दिवसांनी बघतो. माझा क्रम ठरलेला आहे. आधी स्वयंपाकघर, गॅसचा रेग्युलेटर आणि पाइप, फ्रिजमध्ये काय सडतंय, मग बाथरूम, मग खिडक्यांच्या जाळ्या, मग प्रत्येकाच्या पलंगावरची मच्छरदाणी हातात धरून उजेडात बघायची. भोक दिसलं की तिथेच सुई-दोरा. आणि सगळ्यात शेवटी पाण्याचा फिल्टर, आपल्याकडे पूर्वी घरोघर असायचा तसा कँडलवाला.

मागे एका घरी गेलो तर दोन मुलं होती, एक नायजेरियाचा आणि एक अमेरिकेचा, फिल्टरमधून थेंब थेंब पाणी पडत होतं आणि त्यांना वाटलं फिल्टर बिघडला म्हणून ते पिशवीचं पाणी विकत आणत होते. मी वरचं भांडं उघडलं, कँडल काढल्या, त्यावर पिवळट शेवाळासारखा थर जमलेला. नवा टूथब्रश मागून घेतला आणि त्यांनाच घासायला लावलं, साबण अजिबात नाही, नुसतं वाहतं पाणी आणि हलक्या हाताने गोल गोल, मग पांढरी माती दिसायला लागली तसा नायजेरियाचा मुलगा एकदम खूश झाला, म्हणाला मम्मी हे तर मी माझ्या आईला पण शिकवणार. परत बसवल्यावर धार लागली. डब्यात शंकरपाळे नेले होते ते आम्ही निघायच्या आत संपले.

५. हे तुमचं चर्च आणि आपलं नगरचं अमेरिकन मिशन एकच का?

नाही, एक नाही. आपल्याकडचं अमेरिकन मराठी मिशन १८१३ साली मुंबईत सुरू झालं आणि १८३१ मध्ये नगरला आलं, ते काँग्रिगेशनल परंपरेचे, म्हणजे प्रोटेस्टंटांमधल्या एका पंथाचे, लोक. शाळा, दवाखाने, नारायण वामन टिळकांचं काम, हे सगळं त्या परंपरेतलं. आमच्या दोघांच्याही घराण्यांत विश्वास तिथूनच आला आणि त्याबद्दल मला आजही कृतज्ञता आहे. लॅटर-डे सेंट्सचं चर्च १८३० साली न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ यांनी सुरू केलं, बायबलबरोबर मॉर्मनचं पुस्तकही आम्ही पवित्र शास्त्र मानतो, आणि त्रैक्याबद्दलची (पिता, पुत्र, पवित्र आत्मा) शिकवण इतर मंडळ्यांपेक्षा वेगळी आहे. या फरकांमुळे बरेच पाळक आम्हाला ख्रिस्ती म्हणायला तयार नसतात. वाईट वाटतं, पण त्यावरून नातेवाइकांशी वाद घालणं मी सोडून दिलंय. मी ख्रिस्तावर विश्वास ठेवते आणि त्याच्याच नावाने प्रार्थना करते.

नगरच्या माणसाला एक गोष्ट मात्र पटकन कळेल. आपल्या पणज्या-आज्यांच्या काळात मिशनरी जोडपी समुद्र ओलांडून आपल्याकडे यायची, आपल्या पोरींना अक्षरं शिकवायची. आता त्याच गावातली दोन माणसं बाहेर जाऊन कुणाच्या तरी पोरांची मच्छरदाणी शिवतायत. मला यात देवाचा हात दिसतो.

६. घानाच का? जागा आपण निवडायची असते का?

आवड कळवता येते, सक्ती करता येत नाही. फॉर्ममध्ये कुठल्या प्रकारचं काम जमेल, तब्येतीच्या मर्यादा काय, किती खर्च झेपेल हे लिहायचं असतं. नंतर बोलावणं चर्चच्या मुख्यालयातून, अध्यक्षांच्या सहीने येतं आणि त्यात जे लिहिलं असेल तिथे जायचं. आम्ही गरम हवामान चालेल एवढंच लिहिलं होतं.

केप कोस्ट आल्यावर कळलं की सीनियर जोडप्यांसाठी ही जागा किती खास आहे. १९७८ च्या जूनपर्यंत आमच्या चर्चमध्ये कृष्णवर्णीय पुरुषांना याजकपद, म्हणजे धार्मिक विधी करायचा अधिकार, मिळत नव्हतं. हा नियम चुकीचा आणि दुखावणारा होता असं मला वाटतं आणि इथल्या लोकांसमोर तो विषय निघाला की मी टाळत नाही. त्याच जूनमध्ये तो उठला, आणि वर्ष संपायच्या आत पश्चिम आफ्रिकेत जे पहिले मिशनरी पाठवले गेले ती दोन वयस्कर जोडपी होती, रेंडेल आणि रेचल मेबी, आणि एडविन आणि जेनथ कॅनन. नोव्हेंबरमध्ये नायजेरिया आणि ९ डिसेंबर १९७८ ला इथे केप कोस्टला बाप्तिस्मे झाले. आणि ते काही रिकाम्या जमिनीवर आले नव्हते. जोसेफ विल्यम बिली जॉन्सन नावाचे घानाचे गृहस्थ १९६४ पासून हातात आलेली पुस्तकं वाचून स्वतःच मंडळ्या चालवत होते, चौदा वर्षं मुख्यालयातून कुणी येण्याची वाट बघत होते. पुढे जून १९८९ मध्ये सरकारने चर्चवर बंदी घातली, परदेशी मिशनरींना देश सोडावा लागला, प्रार्थनागृहांना कुलपं लागली आणि नोव्हेंबर १९९० पर्यंत लोकांनी घराघरात उपासना चालू ठेवली. ती वर्षं पाहिलेले लोक आजही रविवारी इथे पुढच्या बाकावर बसतात, त्यांच्यासमोर आम्ही काय शिकवणार, आम्हीच ऐकत बसतो.

७. किती काळ राहायचं असतं? ट्रेनिंग असतं का?

६, १२, १८ किंवा २३ महिने, आपण निवडायचं. परदेशात अठरा महिन्यांपेक्षा कमी जायचं असेल तर जाण्या-येण्याचा विमानखर्च आपल्याकडे येतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. ट्रेनिंग थोडं असतं, काही ऑनलाइन आणि काही दिवस प्रशिक्षण केंद्रात, मग हिशेबाचं सॉफ्टवेअर वगैरे इथे आल्यावर आधीच्या जोडप्याकडून.

८. पगार किती मिळतो?

शून्य. घरभाडं, किराणा, विमा, सगळं आपल्या बचतीतून आणि पेन्शनमधून. २०११ साली चर्चने सीनियर जोडप्यांच्या घरखर्चाला महिना १,४०० डॉलरची कमाल मर्यादा घातली, म्हणजे भाडं त्याच्यावर गेलं तर वरचा भाग चर्च उचलतं, त्यामुळे महागड्या शहरात बोलावणं आलं तरी साधी माणसं जाऊ शकतात. काही जोडपी तिकडचं घर भाड्याने देऊन येतात, आमच्या घरी भाचा राहतोय, तोच टपाल उघडतो आणि टॅक्सची कागदपत्रं फोटो काढून पाठवतो. असा एक विश्वासाचा माणूस मागे हवाच, त्याशिवाय निघू नका.

९. जेवणाचं काय करता? भाकरी मिळते का?

हा माझ्या आवडीचा प्रश्न आहे त्यामुळे जरा लांब उत्तर.

ज्वारी-बाजरी घानाच्या उत्तरेकडे पिकते, इथे किनाऱ्यावर पीठ कधी मिळतं कधी नाही, मिळालं की घेऊन ठेवते. मक्याचं पीठ कायम मिळतं. मात्र बाजारात ओल्या पिठाचा गोळा मिळतो तो आंबवलेला असतो, बांकू आणि केंके या इथल्या पदार्थांसाठी, त्याची भाकरी करायला जाऊ नका, कोरडं पीठ मागा. पोहे, हिंग, मोहरी, तूरडाळ हे राजधानी अक्राच्या इंडियन दुकानातून, कुणी गाडी घेऊन चाललं की यादी द्यायची. अक्रा इथून साधारण दीडशे किलोमीटर, ट्रॅफिक लागलं तर तीन तासांच्या वर जातं.

पण खरं सांगायचं तर कोटोकुराबा मार्केटमध्ये निम्मी भाजी आपलीच आहे. भेंडी आहे, वांग्याचा छोटा पांढरा भाऊ आहे ज्याला गार्डन एग म्हणतात, शेंगदाणे इतके की दाण्याच्या कुटाची चिंता नाही, दाण्याचं पातळ सूप करून भाताच्या गोळ्याबरोबर खातात ते तर नगरच्या कुणालाही आवडेल. चवळीची पाम तेलातली उसळ आणि बरोबर तळलेली पिकली राजेळीसारखी केळी, त्याला रेड-रेड म्हणतात, आठवड्यातून एकदा आमच्याकडे होतेच. आणि कोंटोमिरे. ही अळूच्या कुळातलीच पानं. बाजारात जुड्या बघितल्या तेव्हाच मी घेतल्या, घरी येऊन देठं सोलली, पानं चिरून चांगली शिजवली, चिंचेचा कोळ, गूळ नव्हता म्हणून साखर, भिजवलेले दाणे आणि चण्याची डाळ, वरून लसणाची फोडणी. फदफदं अगदी तसंच झालं. शेजारच्या बाई यात सुके मासे आणि कलिंगडासारख्या फळाच्या बिया वाटून घालतात, त्या माझं खाऊन म्हणाल्या गोड कशाला केलंस, पण वाटी संपवली. एकच सांगते, पानं नीट शिजवा, कच्ची राहिली तर घसा खाजतो, इथेही.

मासे भरपूर. रोज सकाळी होड्या येतात, फक्त मंगळवारी कोळी समुद्रात जात नाहीत, त्यामुळे मंगळवारी ताज्या माशांची अपेक्षा ठेवू नका.

१०. चहा खरंच सोडला?

हो. चहा, कॉफी, दारू, तंबाखू आमच्याकडे नाही, १८३३ सालचा नियम आहे. सदस्य झालो तेव्हाच सोडला, सुरुवातीला चार वाजले की डोकं दुखायचं. गवती चहा आणि आलं उकळून चालतं कारण त्यात चहापत्ती नसते. इथे सोबोलो नावाचं पेय मिळतं, लाल अंबाडीच्या बोंडांचं, आलं-लवंग घालून उकळलेलं, गार करून पितात. पाहुण्यांना आम्ही तेच देतो. कुणाच्या घरी गेलो की ते मायलो (बोर्नव्हिटासारखं पेय) देतात.

११. लाइट, पाणी, डास याचं कसं?

लाइट जाते, लोक त्याला डमसोर म्हणतात, कधी तासभर कधी रात्रभर. इन्व्हर्टर आहे, फ्रीजर उघडायचा नाही एवढा नियम पाळला की निभतं. गच्चीवर काळी पॉलीटँक, नळाला पाणी आलं की ती भरून घ्यायची. पिण्याचं पाणी फिल्टरचं (प्रश्न ४), बाहेर गेलं तर पिशवीचं. डिसेंबर ते फेब्रुवारी हरमॅटन म्हणजे सहाराकडून येणारं कोरडं धुळीचं वारं, ओठ फुटतात, कपडे तासाभरात वाळतात पण धूळ बसते. मलेरियाची गोळी ठरल्याप्रमाणे घ्यायचीच, इथल्या लोकांना होत नाही मग आम्हाला मलेरिया कसा होईल असले विचार नकोत, त्यांनाही होतो.

१२. या वयात आजारी पडलात तर?

यायच्या आधी पूर्ण मेडिकल, दात, डोळे, सगळे रिपोर्ट पाठवावे लागतात आणि काही गंभीर असेल तर तुम्हाला परदेशात पाठवतच नाहीत, देशातच काम देतात. अमेरिकेचं मेडिकेअर (ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) बाहेरच्या देशात जवळपास उपयोगाचं नाही, म्हणून परदेशात चालणारा वेगळा विमा असल्याशिवाय निघता येत नाही. बीपी-शुगरच्या गोळ्या आम्ही मूळ डब्यांत, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट आणतो. लहानसहान गोष्टींना इथले दवाखाने चांगले आहेत, मोठं काही असेल तर अक्रा. ताप आला की घरगुती काढा करत बसायचं नाही, त्याच दिवशी मलेरियाची टेस्ट, हा माझा तरुण मिशनरींसाठीही कडक नियम आहे.

१३. इंग्रजी चालतं का? लोक कसे आहेत?

सरकारी भाषा इंग्रजीच आहे, बाजारात फांटी बोलतात. नमस्कार केल्याशिवाय थेट कामाचं बोलणं उद्धटपणा समजतात. डाव्या हाताने काही द्यायचं-घ्यायचं नाही, हे आपल्याला शिकवावं लागत नाही. वयाचा मान खूप. बसस्टँडवरचा अनोळखी मुलगाही मला मम्मी आणि यांना डॅडी म्हणतो. शनिवारी अंत्यविधी असतात, काळे-लाल कपडे घालून गावच्या गाव येतं, बोलावलं तर जावं आणि पाकिटात थोडे पैसे द्यावेत. सणाच्या रविवारी मी साडी नेसते तेव्हा बायका पदर हातात धरून कापड किती लांब आहे ते मोजतात.

१४. रविवार कसा असतो?

उपासना दोन तासांची, २०१९ च्या जानेवारीपर्यंत तीन तास असायची. पहिला रविवार उपासाचा, दोन वेळचं जेवण सोडून त्याचे पैसे गरजूंसाठी द्यायचे. आम्ही एका छोट्या शाखेत जातो. माझ्याकडे लहान मुलांचा वर्ग आहे, यांच्याकडे शाखेच्या तरुण क्लार्कला हिशेब शिकवणं. पगारी पाळक आमच्याकडे नसतोच, शिक्षक, शिंपी, इलेक्ट्रिशियन असे लोकच शाखा चालवतात.

१५. चोवीस तास दोघंच एकत्र, भांडणं होत नाहीत?

होतात हो. नोकरीच्या काळात दिवसातले दहा तास माणसं लांब असतात, इथे ऑफिस एक, गाडी एक, घर एक. आम्ही एक ठरवलंय, संध्याकाळी तासभर ज्याने त्याने आपापलं, हे कॅरम किंवा क्रिकेट स्कोअर आणि मी भरतकाम, तेव्हा मिशनचं काही बोलायचं नाही. आणि रात्री प्रार्थना मात्र बरोबरच, रुसलेलं असतानासुद्धा, मग आपोआप आवाज उतरतो.

१६. नातवंडांची आठवण येत नाही?

येते. धाकट्या नातीचा जन्म आम्ही इथे असताना झाला, तिला अजून मांडीवर घेतलेलं नाही, हे लिहितानाही पोटात कालवतं. काही नातेवाईक म्हणतात हे वय नातवंडं सांभाळायचं आहे, मुलांना गरज असताना बाहेरच्यांची सेवा कसली. त्यांचं म्हणणं मी खोटं म्हणत नाही. निघायच्या आधी मुलगी आणि सून दोघींशी बसून बोललो, त्यांनी जा म्हटलं म्हणून आलो, त्या नको म्हणाल्या असत्या तर थांबलो असतो. व्हिडिओ कॉलवर आम्हाला बंधन नाही. घाना भारतापेक्षा साडेपाच तास मागे आहे, त्यामुळे इथे दुपारी चारला फोन केला की नगरला रात्रीचे साडेनऊ, सासूबाई जाग्या असतात.

१७. फिरायला मिळतं का?

मिशनच्या हद्दीत, मिशन अध्यक्षांना विचारून, हो. काकुमच्या जंगलात झाडांच्या शेंड्यांवरून दोरीचे पूल आहेत, हे गेले, मी खाली थांबले. एल्मिनाचा किल्ला पोर्तुगीजांनी १४८२ मध्ये बांधला, म्हणजे वास्को द गामा कालिकतला यायच्याही सोळा वर्षं आधी. पुढे गोव्यात आले ते हेच लोक. केप कोस्टच्या किल्ल्यात गुलामांच्या कोठड्या आहेत, ज्या दारातून माणसांना जहाजावर नेत ते दारही आहे. पाहुणे आले की त्यांना आधी तिथे नेते, समुद्रकिनारा नंतर. तिथे फोटो काढत हसणं मला सहन होत नाही, ते आधीच सांगून ठेवते.

१८. लोक पैसे मागतात तेव्हा काय करता?

हा सगळ्यात अवघड प्रश्न. फी भरायची आहे, ऑपरेशन आहे, घरात तांदूळ नाही, आणि बहुतेक वेळा ते खरंच असतं. मिशनरींनी स्वतःच्या खिशातून सदस्यांना पैसे देऊ नयेत असं सांगितलेलं आहे, मदत शाखेच्या अध्यक्षाकडून, उपासाच्या निधीतून (प्रश्न १४) व्हावी. आधी मला हे कोरडं वाटायचं. आता कारण दिसतं. आम्ही वर्ष-दीड वर्षाने निघून जाणार, मग देणारे म्हणून आमच्याकडे बघायची सवय लागली की स्थानिक अध्यक्षाचा मान जातो आणि जो आमच्यापर्यंत पोचू शकत नाही तो उपाशीच राहतो. मी माणसाबरोबर स्वतः अध्यक्षाकडे जाते, शेजारी बसते. जेवायला घालण्यावर मात्र कुठलाच नियम नाही, आमच्या दारातून उपाशी कुणी जात नाही.

१९. मी विधवा आहे / मी दुसऱ्या मंडळीची आहे, मला जाता येईल का?

चाळीस वर्षांवरच्या एकट्या बायका सीनियर सिस्टर म्हणून येऊ शकतात, त्यांना दुसऱ्या सिस्टरची जोडी देतात, इथेही अशा दोघी होत्या आणि त्यांचं छान जमलं. दुसऱ्या मंडळीच्या व्यक्तीला मात्र आमच्याकडून येता येत नाही, सदस्य असणं आणि बिशपची, म्हणजे स्थानिक मंडळीच्या बिनपगारी प्रमुखाची, शिफारस लागते. तुमच्या मंडळीतही अशी काही सोय आहे का ते पाळकांना विचारा. भारतातूनही आमचे सदस्य सेवेला जातात. बंगळुरूला मंदिर बांधायचं २०१८ च्या एप्रिलमध्ये जाहीर झालं आणि डिसेंबर २०२० मध्ये त्याचं भूमिपूजन झालं, आमच्या दोघांची पुढची इच्छा तिथे सेवा करायची आहे.

२०. मध्येच घरी यावं लागलं तर? एक जण आजारी पडला तर दुसऱ्याने एकट्याने राहायचं का?

एकट्याने नाही. जोडप्यातला एक परत गेला तर दुसराही जातो, आणि तब्येतीमुळे लवकर परतलेल्यांना सन्मानानेच निरोप देतात, त्यात कमीपणा नाही. घरातलं लग्न, मृत्यू, मोठं आजारपण असेल तर परवानगी घेऊन स्वखर्चाने थोड्या दिवसांसाठी जाऊन येता येतं. तरुण मिशनरींना एवढी मोकळीक नसते. तारखा लवकर कळवा, कारण तुमच्या जागी हिशेब बघणारं दुसरं कुणीतरी उभं करावं लागतं.

२१. घानाहून थेट मुंबईला लग्नाला यायचं असेल तर काही वेगळं लागतं का?

लागतं, आणि यात भलेभले अडकतात. घाना पिवळ्या तापाच्या यादीतला देश आहे. तिथून भारतात उतरणाऱ्या प्रत्येकाकडे पिवळ्या तापाच्या लसीचं कार्ड असावंच लागतं, नसेल तर विमानतळावरून थेट क्वारंटाइनमध्ये नेतात, सहा दिवसांपर्यंत, लग्न बाहेर उरकून जातं. लस घेतल्यावर कार्ड दहा दिवसांनी लागू होतं त्यामुळे आदल्या दिवशी टोचून उपयोग नाही. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. घानात येतानाही हेच कार्ड दाखवावं लागतं, म्हणून ते सुटकेसमध्ये टाकू नका, पासपोर्टच्या कव्हरमध्येच ठेवा, आणि दुबईमार्गे किंवा अदिस अबाबामार्गे आलात तरी नियम तोच आहे. वयाची साठी उलटल्यावर पहिल्यांदाच ही लस घेत असाल तर आधी डॉक्टरांशी नीट बोलून घ्या, या वयात तिचा त्रास होण्याची शक्यता जास्त असते, आणि वैद्यकीय कारणाने लस घेता येत नसेल तर तसं पत्र बोलावणं स्वीकारायच्या आधीच मिशनच्या डॉक्टरांना दाखवा.